हजेरीची वही कोणाकडे?

विजेचं बिल थकलं की महावितरणचा माणूस येतो आणि लाइन तोडून जातो. त्याला कोर्टात जावं लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, तारखा पडत नाहीत. थकलेल्या बिलांचा दणका फर्दापूरने सरकारी वास्तूलाही बसलेला पाहिला आहे. अजिंठा लेण्यांसाठी जपानच्या कर्जसाहाय्यातून इथे भलंमोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. लेण्यांच्या प्रतिकृती, प्रदर्शनाची दालनं, सगळा थाट होता. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. ज्याच्या हातात बटण असतं, त्याची बाकी कोणाला विसरता येत नाही.

मजुराच्या हातात असलं कुठलंच बटण नसतं. त्याने दिलेली वस्तू देताक्षणी संपलेली असते. घासलेली भांडी पुन्हा खरकटी करता येत नाहीत, वेचलेला कापूस बोंडात परत घालता येत नाही. तो आधी काम देतो आणि दाम नंतर घेतो, म्हणजे व्यवहारात तो मालकाला उधारी देतो. बँक तारण घेतल्याशिवाय कर्ज देत नाही, किराणा दुकानदारसुद्धा माणूस पाहून उधार देतो. गावातला सगळ्यात फाटका माणूस मात्र हंगामच्या हंगाम बिनतारण, बिनव्याजी उधारी देत राहतो आणि त्याच्या हातात साधी चिठ्ठीही नसते. माझं म्हणणं त्या चिठ्ठीपुरतंच आहे. मजुरी बुडाली की आपण म्हणतो, गरिबाला कायदा नाही. कायदा आहे, आणि वाचायला तरी चांगला आहे. हा माणूस इथे कामाला होता, याचा कागद मात्र नाही. आणि कागद नसल्याची शिक्षा ज्याने तो द्यायचा होता त्याला होत नाही, ज्याला तो मिळाला नाही त्याला होते.

फर्दापूर सोयगाव तालुक्यातलं. अजिंठ्याचा घाट उतरला की हे गाव लागतं. पर्यटक टी पॉइंटला गाडी लावतो आणि लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतो. त्याच्याभोवती हॉटेलं, लॉज, ढाबे, गारगोट्यांची नि मूर्तींची दुकानं, वयस्क पर्यटकांना खांद्यावर वर नेणारे डोलीवाले. आजूबाजूला कपाशी आणि मका. सोयगाव तालुक्यात बंजारा तांडे आहेत. जळगाव रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, तिथेही मजूर लागला. काम आहे, पण कायम कोणाचंच नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला की आसपासची गर्दी, थंडीत परदेशी पाहुणे, उन्हाळ्यात शुकशुकाट. त्यामुळे एकच माणूस वर्षात ढाब्यावर वेटर असतो, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचतो, मग कुठे सेंट्रिंगच्या कामावर बिगारी म्हणून जातो. त्याला वर्षाकाठी तीन-चार मालक असतात आणि त्यातल्या एखाद्याकडे त्याचे पैसे अडकलेले असतात.

पैसे अडकतात कसे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कामाला ठेवताना रोज ठरतो, तोही तोंडी. दोन वेळचं जेवण आणि चहा मालकाचा. दर आठवड्याला थोडे पैसे खर्ची म्हणून हातावर ठेवले जातात आणि उरलेले ‘जमा’ राहतात. जमा कुठे, तर मालकाच्या नाहीतर मुकादमाच्या वहीत. ही वही म्हणजे खिशात मावणारी डायरी. बऱ्याचदा कुठल्यातरी बियाण्याच्या कंपनीने दुकानदाराला फुकट दिलेली. पानावर नावं उभी, तारखा आडव्या. हजर असेल तर काडी, अर्धा दिवस असेल तर तिरकी रेघ, खाडा असेल तर फुली. खाली खर्चीचे आकडे, त्यातले काही पेन्सिलीने. नावंही पुरी नसतात: ‘तांड्यावरचा’, ‘लहान्या’, ‘नवा पोऱ्या’. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी गिऱ्हाईक कमी. तेव्हा सोमवारचा रोज धरायचा की नाही, हे ती वही ठरवते. जेवणाचे पैसे कापायचे का, फुटलेल्या कपबश्या कोणाच्या अंगावर टाकायच्या, हेही तीच ठरवते. मजुराला ती वही कधी दिसत नाही. दिसली तरी त्यातली खूण त्याची नसते.

मग एखाद्या दिवशी तो विचारतो, “शेठ, माझ्या हिशोबाचं बघा ना.” शेठ म्हणतो, “अरे, मी काय पळून चाललोय का कुठं? पोळ्याला करू.” पोळा जातो, दिवाळी येते. दिवाळीत गर्दी असते, कोणाला वेळ नसतो. त्यानंतर मजूर दुसरीकडे कामाला लागतो आणि ज्या क्षणी तो काम सोडतो त्या क्षणी त्याची बाकी बुडीत खात्यात जमा होते. खर्ची देऊन बाकी अडकवण्यात मालकाचा दुहेरी फायदा असतो. खेळतं भांडवल फुकट मिळतं आणि माणूस बाकीच्या आशेने टिकून राहतो. यात प्रत्येक मालक लबाड असतो असं मुळीच नाही. पुष्कळ जण हिशोब चोख करतात. पण चोख मालकाकडेही मजुराचे पैसे त्याच्या इमानावर सुरक्षित असतात, मजुराच्या हक्कावर नव्हे.

आता कायदा पाहू. मजुरी वेळेवर मिळावी ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या मागण्यांतली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक असते. त्याच यादीत आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे. पगार वाढवा हे नव्हे, ठरलाय तो वेळेवर द्या, हे मागावं लागलं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. वेळेवर पगाराचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडलं. बावन्न वर्षं लागली.

१९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाले आहेत आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचावं. रोजाने काम करणाऱ्याला पाळी संपताना पैसे. आठवड्याने असेल तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. महिन्याने असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सुटलं, सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता. दावा लावायची मुदत पूर्वी किमान वेतनासाठी सहा महिने आणि थकलेल्या वेतनासाठी बारा महिने होती, ती आता तीन वर्षं आहे. मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. आणि मालकाने तरीही दिलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. म्हणजे ज्या बळाने सरकार स्वतःचा शेतसारा गोळा करतं, तेच बळ मजुराच्या पाठीशी उभं करायची सोय आहे.

संहितेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मोलाची आहे. मजुरी मिळाली नाही असा दावा लागला तर ती दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मजुराने ‘मिळाली नाही’ हे सिद्ध करत बसायचं नाही. पण फर्दापूरच्या ढाब्यावरचा मालक ‘पैसे दिले’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, “हा कोण? मी याला ओळखत नाही.”

इथे सगळा कायदा थबकतो. दिलं की नाही, हे मालकाने सिद्ध करायचं; पण आपण त्याच्याकडे कामाला होतो, हे आधी मजुराने सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वनविभागातल्या एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात, हादिमनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, म्हटलं की वर्षात २४० दिवस काम केल्याचा पुरावा कामगाराने द्यायचा. त्याचं शपथपत्र पुरेसं नाही. चार वर्षांच्या आतच, येल्लट्टी खटल्यात, त्याच न्यायालयाने ही भूमिका थोडी मवाळ केली. रोजंदारीवाल्याला नेमणूकपत्र मिळत नाही, पगाराची पावती मिळत नाही, हे वास्तव न्यायालयाने मान्य केलं आणि मालकाने मस्टर लपवलं तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येऊ शकतो असं सांगितलं. येऊ शकतो, काढलाच पाहिजे असं नाही. दोन्ही खटले नोकरीवरून काढण्याबद्दलचे होते, मजुरीबद्दलचे नव्हते. पण लेबर कोर्टांच्या सवयी अशाच निकालांतून घडतात.

कागद असला की काय होतं, याचं उदाहरण फर्दापूर ज्या खंडपीठाच्या हद्दीत येतं तिथलंच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तुळजाभवानी मंदिर बंद झालं. देवस्थानात कंत्राटदारांमार्फत नेमलेल्या कामगारांचं वेतन अडलं. राष्ट्रीय श्रमिक आघाडीने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. १२ मे २०२० रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी आदेश दिला की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही. भोजन आणि प्रवास भत्ता सोडून त्यांना पूर्ण वेतन द्यावं. इतक्या झटपट निकालामागे न्यायमूर्तींची संवेदना होतीच. पण तेवढीच नव्हती. त्या कामगारांची नावं कंत्राटदारांच्या यादीत होती, मूळ मालक म्हणून देवस्थान होतं, आणि संघटना होती. कोणी ‘हा कोण?’ असं विचारू शकत नव्हतं.

त्याच मार्च महिन्याच्या मध्याला अजिंठा लेणीही बंद झाली आणि महिनोन्‌महिने बंद राहिली. इथल्या वेटरांनी, मदतनिसांनी, पोऱ्यांनी असा कुठला आदेश मिळवला असेल असं वाटत नाही. त्यांना मिळालेला कागद म्हणजे फार तर हॉटेलच्या नावाचा टी-शर्ट. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांसाठी काम करणाऱ्या ‘स्ट्रँडेड वर्कर्स अ‍ॅक्शन नेटवर्क’ने एप्रिल २०२० मध्ये देशभरच्या ११ हजारांहून अधिक मजुरांशी बोलून अहवाल दिला, त्यातल्या ८९ टक्के लोकांना त्यांच्या मालकांनी टाळेबंदीत काहीच मजुरी दिलेली नव्हती. केंद्र सरकारने २९ मार्चला पूर्ण वेतन देण्याचा हुकूम काढला होता, तरीही. तुळजापूर आणि फर्दापूर या दोन ठिकाणांना कायदा एकच लागू होता. फरक नोंदवहीचा होता.

“पण साहेब, या धंद्यात लिहिणं-बिहिणं होत नाही,” असं मालक मंडळी हमखास सांगतात. यावर मला खरोखर चीड येते, कारण हे खोटं आहे. या धंद्यात लिहिलं जातं, आणि अगदी पक्कं लिहिलं जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादम उचल देतो तेव्हा काय होतं पाहा. बाँड पेपर येतो, अंगठे उमटतात, साक्षीदार सह्या करतात, कधी नोटरी होते, आधारकार्डाच्या प्रती जोडल्या जातात. माणूस उचल घेऊन कामावर गेला नाही तर मुकादमाची गाडी गावात येते. घरातली जनावरं, कधी माणूसच उचलून नेल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेलेल्या आहेत. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, तरी. मजुराकडून येणं असतं तेव्हा शाई असते, शिक्का असतो, साक्षीदार असतात. मजुराला देणं असतं तेव्हा पेन्सिल असते. मजूर निरक्षर आहे म्हणून कागद नाही, हा बहाणा इथे टिकत नाही. त्याच निरक्षर माणसाचा अंगठा बाँडवर घेताना कोणालाच अडचण आली नाही.

मालकांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. फर्दापूरचा छोटा ढाबेवाला स्वतःही अडलेला असतो. टूरवाले त्याचं बिल थकवतात, मोसम कोरडा जातो, भाडं चुकत नाही. त्याच्या गल्ल्यातही पैसे नसतात. मग तो देणार कुठून? या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं असं आहे: धंद्यात तोटा झाला तर तो धंद्याच्या मालकाचा, कारण नफा झाला असता तर तोही त्याचाच होता. वेटरला नफ्यात वाटा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमाने बंदी घातलेली वेठ. मग काहीच न देता काम करून घेणं याला वेगळं नाव द्यायची गरज नाही. आणि छोट्या मालकाला खरंच मदत करायची असेल तर त्याला स्वस्त कर्ज द्या, करात सवलत द्या. त्याची सोय वेटरच्या थकलेल्या मजुरीतून करायची ही कुठली रीत?

दुसरी पळवाट तडजोडीची. गावात तंटामुक्ती समिती असते, सरपंच असतात, चार शहाणे असतात. मजूर तिथे गेला की ठरलेला तोडगा निघतो: “जाऊ दे, अर्ध्यावर मिटव. उद्या त्याच्याच दारात कामाला जायचंय ना?” शेतीच्या बांधावरून भांडण असेल तर अर्ध्यावर मिटवणं शहाणपणाचं असतं, कारण दोघांचंही काही ना काही खरं असतं. झालेल्या कामाच्या मजुरीत मजुराने काय सोडायचं? जे पैसे त्याने मिळवलेत त्यातले निम्मे? पोलीस ठाण्यात गेला तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ असं ऐकून परत येतो. कामगार विभागाचं जिल्ह्याचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे शंभरएक किलोमीटरवर. जळगाव निम्म्या अंतरावर आहे, पण तो जिल्हा वेगळा, महसूल विभागही वेगळा. एका तारखेला जाऊन यायचं म्हणजे एक रोज बुडाला, वर एसटीचं भाडं. मोजक्या हजारांच्या बाकीसाठी अशा पाच-सात तारखा पडल्या की बाकी मिळूनही हातात काय उरतं, हे मजुराला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून तो जात नाही. त्याला आपण भित्रा म्हणतो, अडाणी म्हणतो. तो हिशोबाला पक्का आहे.

तेव्हा मला हवी आहे ती दुरुस्ती लहान आहे. संहितेनुसार मालकाने वेतनचिठ्ठी द्यायचीच आहे. शेतीत किंवा घरकामाला पाचपेक्षा जास्त माणसं नसतील त्यालाच तेवढी सूट आहे. म्हणजे ढाबेवाल्यालाही चिठ्ठी देणं बंधनकारक आहे. नाही दिली तर? फार तर काही हजारांचा दंड, तोही निरीक्षक फर्दापूरला आला तर. (तो शेवटचा कधी आला होता, हे गावात विचारून पाहा.) दंडाचा धाक असा दूरचा असतो. त्याऐवजी नियम असा हवा: मालकाने चिठ्ठी दिली नाही, तर कामाचे दिवस आणि ठरलेला रोज याबद्दल मजुराचं म्हणणं खरं धरायचं. खोडून काढायचं असेल तर मालकाने काढावं, आणि काढताना स्वतःची वही आणावी. ज्याने नोंद ठेवायची होती त्याने ती ठेवली नाही, तर नोंद नसल्याचा फायदा त्याला मिळता कामा नये.

हे काही मी जगावेगळं सांगत नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या कामगारांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात १९४६ मध्ये निकाली निघाला. मालकाने वेळेच्या नीट नोंदी ठेवलेल्या नव्हत्या. न्यायालय म्हणालं, कामगाराने आपण काम केल्याचं वाजवी अंदाजाने दाखवलं की पुरे. नेमके तास खोडायची जबाबदारी मग मालकाची. नोंद ठेवण्याचं कर्तव्य ज्याचं, त्याने ते टाळल्याची किंमत कामगाराने मोजू नये. खोट्या दाव्यांची भीती तिथेही व्यक्त झाली असेल. पण खोट्या दाव्यापासून वाचायचा सोपा उपाय मालकाच्याच हातात असतो: चिठ्ठी द्यावी. एका ओळीची, तारीख, दिवस, रोज, दिलेली खर्ची, बाकी. मजुराने तिचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.

चिठ्ठीच्या पुढचं पाऊल महाराष्ट्राने ५० हून अधिक वर्षांपूर्वीच टाकलं होतं, आणि त्याचा आपल्याला पुरता विसर पडला आहे. हमालाचा मालक कोण, हा प्रश्न १९६९ पर्यंत सुटत नव्हता. तो सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला आणि त्याने प्रश्नाची बाजूच बदलली. हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांचीही नोंद मंडळात. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरणार. मंडळ ती हमालाला देणार, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी चालवणार. ‘हा कोण?’ हा प्रश्न विचारायला जागाच राहिली नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी गोळा करणारे पुढे निपजले, हेही खरं, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण मजुरीचे पैसे मालकाच्या खिशातून थेट न येता एका सार्वजनिक खात्यातून यावेत, ही कल्पना त्याने खोटी ठरत नाही. आखाती देशांत कामाला गेलेल्या अनेकांना हे माहीत असेल: संयुक्त अरब अमिरातीने २००९ पासून मजुरी बँकेमार्फतच देण्याची आणि सरकारला ती दिसण्याची व्यवस्था केली. जर्मनीत मालक दिवाळखोर झाला तर कामगाराची तीन महिन्यांपर्यंतची मजुरी सरकारी यंत्रणा देते आणि मालकाशी हिशोब स्वतः करते. पर्यटन हंगामाच्या गावांतल्या हॉटेल-ढाब्यांसाठी, किमान लेण्यांच्या परिसरासाठी, माथाडी धर्तीचं एखादं छोटं मंडळ चालवून पाहायला काय हरकत आहे? पर्यटकाच्या तिकिटावर, पार्किंगवर पैसे घेतले जातातच. वसुलीची सवय आपल्याला चांगली आहे.

मात्र मजुराच्या नोंदीचं सध्या जे आहे तेही विचित्र आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर देशातल्या कोट्यवधी मजुरांची नोंद आहे. त्या कार्डावर मजुराचं नाव आहे, धंदा आहे. तो कोणाकडे, किती दिवस, किती रोजाने काम करतो हे नाही. म्हणजे मजूर नोंदला गेला, मालक मोकळाच राहिला. दुसरीकडे बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार किंवा ग्रामपंचायत अधिकारी असा दाखला देतो आणि त्यावर भांड्यांचा संच मिळतो, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. याचा अर्थ ‘या माणसाने इतके दिवस काम केलं’ हे लिहून देता येतं, ते लिहून देणारा माणूस गावात आहे, सरकार ते मान्यही करतं. तोच दाखला मजुरीच्या दाव्यात का चालू नये? कुकर मिळवण्याइतपत पुरावा मजुरी मिळवायला अपुरा का ठरावा?

कायदा बदलेपर्यंत मजुराने हात बांधून बसायचं असंही नाही. गंमत म्हणजे नोंदवही नकळत तयार होऊ लागली आहे. खर्ची आता बऱ्याचदा फोनपेवर येते. त्या व्यवहारावर तारीख असते, रक्कम असते, पाठवणाऱ्याचं नाव असतं. दर आठवड्याला एकाच नावाने येणारी ठरावीक रक्कम हा सबंध हंगाम कामावर असल्याचा मोठा आधार आहे. ‘उद्या लवकर ये, बस येणार आहे’ असा मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, आवाजाचा असला तरी, जपून ठेवावा. कामाच्या जागी काढलेला फोटो तारखेसह ठेवावा. सोबतच्या दोघांची नावं लिहून ठेवावीत, कारण एकटा दावा पडतो, तिघांचा उभा राहतो. चलाख मालक खर्ची मेव्हण्याच्या किंवा नोकराच्या खात्यावरून पाठवायला लागतील; तरी ते नाव त्या हॉटेलात कोणाचं आहे, हे गावाला ठाऊक असतंच. बायकांच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड आहे. वेचणीचे पैसे किलोवर ठरतात आणि बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हातात जातात. कोयता तर जोडीचाच मोजतात. बाईच्या कामाची नोंद तिच्या नावाने व्हावी, पैसे तिच्या खात्यात यावेत, एवढं झालं तरी वादाचं अर्धं मूळ छाटलं जाईल.

गावातल्या शिकलेल्या मुलांना माझं सांगणं आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातला एक रविवार काढून टी पॉइंटवरच्या चार पोरांचे अर्ज लिहून द्या. मालकाचं नाव, जागा, कामाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख, ठरलेला रोज, मिळालेली खर्ची, राहिलेली बाकी. एवढं एका पानात बसतं. अर्ज मजुराला स्वतः करता येतो, त्याच्या नोंदणीकृत संघटनेलाही करता येतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयाशी जोडलेली समिती त्यासाठीच असते. आणि मुदत संपली असेल असं समजून कोणी परत फिरू नये: या हंगामात थकलेली मजुरी पुढची तीन वर्षं मागता येते.